आजोबांची रायफल अडकते; पण नेमकी कुठे?

पत्राचा सारांश: पत्रलेखक पाटण तालुक्यातले शेतकरी आहेत. आजोबा फौजेतून निवृत्त झाले आणि साठच्या दशकात त्यांनी पॉइंट २२ बोरची, बेल्जियन बनावटीची सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) रायफल रीतसर परवान्यावर घेतली. नळी फिरवून वेगळी होते, काडतुसं मागच्या लाकडी दस्त्यातून भरायची. आजोबांनंतर ती वडिलांकडे आणि वडील गेल्यावर वारस म्हणून परवाना काढून पत्रलेखकांकडे आली. आता दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला ती जाम होते. "आजोबांच्या हातात ती कधी अडकली नाही, असं वडील सांगायचे. मामा म्हणतात, भरपूर खोबरेल तेल सोड. तासवडे एमआयडीसीतला ओळखीचा टर्नर म्हणतो, स्प्रिंग मेली आहे, जाड तारेची करून देतो. एका मित्राने व्हिडिओ दाखवला, त्यात गोळी आत सरकते ती जागा पॉलिश पेपरने घासतात. भुईमुगात आणि उसात रानडुकरं उतरतात, म्हणून ती भरवशाची करून हवी आहे. दुरुस्त करू, की विकून टाकू?"

नमस्कार.

तुम्ही 'जाम होते' एवढंच लिहिलंय आणि तेवढ्यावर तिघांनी तीन इलाज सांगून टाकलेत. अडकलेलं काडतूस कोणत्या अवस्थेत होतं, हे मात्र त्यातल्या एकानेही विचारलेलं दिसत नाही. भरलेलं होतं की रिकामं? चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेच्या, आत होतं की तोंडाशी तिरपं? बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, पुढे आला होता की अर्ध्यावर थांबला होता? सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एका गोळीच्या वेळात पाच-सहा कामं पाठोपाठ होतात. त्यातलं कुठलंही एक चुकलं तरी बाहेरून दिसायला 'जाम'च दिसतं. कुठलं काम चुकतंय हे कळेपर्यंत कुठल्याही भागाला हात लावू नका, हा माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

तुमच्या रायफलची रचना साधी आहे, त्यामुळे आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. वर्णनावरून ती जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याची, बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात १९१४ पासून बनत आलेली जात दिसते. तिच्यात बोल्ट कुठे कुलूपबंद होत नाही. बोल्टचं वजन आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो. गोळी सुटली की तिला पुढे फेकणारा जोरच रिकाम्या पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला मागे लोटते. एक्सट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून ठेवते, इजेक्टर तिला खाली पाडतो, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो नवीन काडतूस चेंबरमध्ये घालतो. म्हणजे काडतुसाचा जोर, बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा ताण या तिघांचा हिशेब जुळावा लागतो. आराखडा करताना तो जुळवलेला असतो. टर्नरने जाड तारेची स्प्रिंग बसवली की तो मोडलाच. बोल्ट पुरता मागे जाणार नाही, पुंगळी बाहेर पडणार नाही आणि रायफल आजच्यापेक्षा जास्त अडकेल. साठ वर्षांत स्प्रिंग थकलेली असू शकते, हे खरं. पण थकलेल्या स्प्रिंगची खूण वेगळी असते. बोल्ट पुढे येताना आळसतो, शेवटचे एक-दोन मिलिमीटर बंद होत नाही, कधी काडतूस पेटवणाऱ्या फायरिंग पिनचा मार हलका बसतो. त्यावर उपाय म्हणजे मूळ मापाची, मूळ ताणाची स्प्रिंग.

आता 'आजोबांच्या हातात कधी अडकली नाही' या वाक्याकडे जरा वळू. वडिलांच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, पण आजोबांच्या काळातली परिस्थिती आठवून पाहा. त्या काळी पॉइंट २२ ची परदेशी काडतुसं मिळत आणि त्यांत जास्त वेगाचीही असत. आज आपल्याकडे मिळतात त्यातली बरीचशी नेमबाजीसाठी केलेली, साध्या वेगाची असतात. चाळीस ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी जास्त वेगाच्या काडतुसातून सेकंदाला सुमारे ३८० मीटरने सुटते, साध्या वेगाच्या काडतुसातून ३२०-३३० मीटरने. बोल्ट-अॅक्शन रायफलला या फरकाचं काही वाटत नाही, कारण तिथे बोल्ट हाताने मागे ओढायचा असतो. तुमच्या रायफलमध्ये मात्र बोल्ट मागे जातो तो याच जोरावर. शिवाय आत काजळी आणि सुकलेलं तेल असेल तर उरलासुरला जोरही तिथेच खर्च होतो. रायफल तीच, सवयीही त्याच, खुराक बदलला, आणि दोष मात्र म्हाताऱ्या रायफलवर आला, असं कितीतरी घरांत होतं.

नळीवर काय कोरलं आहे तेही एकदा उजेडात नीट वाचा. पॉइंट २२ मध्ये 'शॉर्ट' हे आखूड काडतूस आणि 'लाँग रायफल' हे लांब काडतूस. या जातीच्या काही रायफली फक्त शॉर्टसाठी केलेल्या असत, बाकीच्या लाँग रायफलसाठी. शॉर्टच्या रायफलमध्ये लाँग रायफल काडतूस जबरदस्तीने घालायचं नाही. उलट, लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शॉर्ट वाजेल, पण बोल्ट मागे ढकलण्याइतका दम त्यात नसतो. त्यातून वर्षानुवर्षं शॉर्ट वापरलं असेल तर चेंबरमध्ये, पुंगळीचं तोंड जिथे येतं तिथे, काजळीचं आणि शिशाचं कडं जमतं. मग लाँग रायफल काडतूस त्या कड्यावर अडखळतं. आत जाताना घट्ट, बाहेर येताना त्याहून घट्ट.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, की बांधावर पोतं ठेवून त्यावर रायफल टेकवता. या रायफलची रिकामी पुंगळी उजवीकडे उडत नाही, खाली पडते. चापाच्या पुढे, खालच्या बाजूला ती फट असते. तिथेच पोत्याचा फुगवटा, जाकिटाची बाही किंवा डावा तळवा आला की पुंगळी परत आत उसळते आणि बोल्ट तिला आडवी चावतो. अडकलेली पुंगळी रिकामी आणि आडवी सापडत असेल तर बाकी काही करण्याआधी टेकू पुढे सरकवा, नळीखालच्या लाकडाच्या पुढच्या अर्ध्या भागाला. एक पैसा न खर्चता अर्धी तक्रार इथेच मिटण्याचा संभव आहे.

मामांच्या खोबरेल तेलाचं काय? आपल्याकडे जिल्हाभर बंदुकींना खोबरेल लावतात. लोखंडाला गंज लागू नये म्हणून वरून पुसलं तर तात्पुरतं चालूनही जातं. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. मार्गशीर्षात पहाटे पाटणला पारा किती असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. बोल्टच्या खाचेत, फायरिंग पिनच्या भोकात गोठलेलं खोबरेल म्हणजे मेणच. पिन पुढे येते, पण मार हलका बसतो. काही महिन्यांनी ते चिकट होतं आणि काजळी धरतं. जवसाचं तेल तर फक्त लाकडासाठी, तेही बोटभर. लोखंडावर ते सुकून वार्निश होतं. शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं, बंदुकीचं मिळालं तर उत्तम. आणि 'भरपूर' हा शब्दच मुळात काढून टाका. बोल्ट ज्या दोन कडांवर सरकतो तिथे एकेक थेंब, बस. चेंबर, मॅगझिनची (दस्त्यातली, काडतुसं भरायची) नळी आणि पिनची जागा कोरडी हवी.

आता साफसफाई. ही तुम्ही स्वतः करू शकता, करायलाच हवी, आणि बहुधा साठ वर्षांत ती पुरती कधी झालेली नाही.

काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत कुलपात. दस्त्यातली आतली नळी पूर्ण बाहेर काढा, रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट चार-पाच वेळा मागे ओढा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीच्या टोकाने चाचपा. नळीच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस मागे अडकून राहतं आणि 'रिकामी आहे' म्हणत म्हणत तेच पुढे येतं. हे दोनदा करा. मग बोल्ट किंचित मागे धरून, लाकडाखालचा खटका पुढे सारून नळी पाव वळसा फिरवा, ती वेगळी होईल. यापुढे उघडू नका. बोल्ट आणि चापाचा संच एकाच खालच्या भागात बसतो, त्याच्या स्प्रिंगा दणकट आहेत आणि बारीक पिना उडाल्या की परत सापडत नाहीत. तो संच गनस्मिथकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडेच, उघडायचा.

नळी वेगळी होते ही मोठी सोय आहे. मागच्या टोकाकडून साफ करता येते, पुढच्या तोंडाची कड घासली जात नाही. पॉइंट २२ मापाचा पितळी ब्रश रॉकेलमध्ये किंवा बंदुकीच्या सॉल्व्हंटमध्ये बुडवून फक्त चेंबरमध्ये गोल फिरवा, दहा-बारा फेरे, मग १५ मिनिटं तसंच ठेवा. नंतर नळीतून आरपार सात-आठ वेळा. मग सुती कापडाचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन, एक ओला, एक कोरडा, असे आलटून पालटून, कोरडा करडा निघेपर्यंत. पांढराशुभ्र निघेपर्यंत घासत बसू नका, पॉइंट २२ च्या नळीला त्याची गरज नसते. रॉकेल तेल धुऊन नेतं आणि लोखंड उघडं पाडतं, म्हणून शेवटी तेलाचा पुसट हात द्यायचाच, आणि गोळी झाडण्याआधी नळी कोरड्या कापडाने पुसायचीही.

बोल्टचा पुढचा भाग जुन्या टूथब्रशने. एक्सट्रॅक्टरच्या नखीखाली काजळी आणि शिसं ठासून बसलेलं असतं, तिथे लोखंडी सुई नको, बांबूची टोकदार काडी घ्या. नखी त्या कचऱ्यावर टेकून उभी राहते, पुंगळीची कड धरतच नाही, आणि लोक म्हणतात एक्सट्रॅक्टर झिजला. दस्त्यातली बाहेरची आणि आतली नळी दोन्ही कोरड्या कापडाने पुसून, आतली स्प्रिंग पुढे-मागे सुरळीत सरकते का ते पाहा. टेबलावर घरंगळवलीत तर नळी वाकली आहे का, पोचा आला आहे का, तेही कळेल. पोचा आलेली नळी म्हणजे काडतुसं थांबत थांबत येणार.

नळी परत बसवताना एक गोष्ट मुद्दाम पाहा. बसवल्यावर ती हलते का? या रायफलीत नळीच्या मागच्या टोकाला खाचांचं एक कडं असतं. वापराने सांधा सैल झाला तर ते एक-एक खाच फिरवून सांधा पुन्हा घट्ट करता येतो. ती सोय आराखड्यातच ठेवलेली आहे. नळी हाताने, थोडा जोर लावून बसली पाहिजे. खुळखुळत असेल तर बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं अंतर वाढतं, काडतुसाची कड नीट दाबली जात नाही, मार हलका बसतो, कधी पुंगळी फुगते. आणि फार घट्ट केलीत तर बोल्ट पूर्ण बंद होणार नाही.

एवढं झाल्यावर चेंबरचं तोंड पाहा. टॉर्च आणि साधं भिंग घेतलं तरी पुरे. कडेवर, पिन जिथे येते तिथे, आत वळलेली बारीक खाच किंवा उचवटा दिसतो का? पॉइंट २२ च्या काडतुसात स्फोटक कडेत असतं, म्हणून पिन कडेवर मारते. रिकाम्या रायफलचा चाप ओढत राहिलं की पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि लोखंड आत ढकलते. घरातली पोरं कधीमधी 'खट खट' करत आली असतील, तर साठ वर्षांत तिथे चांगला उचवटा तयार झालेला असणार. त्याने काडतूस आत जाताना अडतं आणि पुंगळी बाहेर येताना ओरखडा घेऊन येते. गनस्मिथकडे यासाठी मापाची कठीण पोलादी कांडी असते, ती दाबून तो धातू परत जागेवर बसवतो. तिथे कानस लावली तर जे लोखंड फक्त सरकलं होतं ते कायमचं जातं.

म्हणूनच मित्राच्या व्हिडिओतलं घासणं नको. गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये शिरते तो उतार गुळगुळीत हवा हे बरोबर, पण त्याचा कोन आणि कडा हजारांश इंचांत ठरलेल्या असतात. पॉलिश पेपर कोनही खातो आणि कडाही गोल करतो. या जातीत तिथेच काडतुसाला वाट दाखवणारा छोटा भाग आणि त्याची पातळ स्प्रिंग असते. ती वाकली किंवा पडली असेल तर कितीही घासलं तरी काडतूस नाक वर करूनच अडकणार.

आता चाचणी. शेतात नाही. पॉइंट २२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि पाण्यावरून, दगडावरून ती उसळते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या रेंजवर, तिथल्या प्रशिक्षकासमोर करा. प्रथम एकच काडतूस भरून दहा वेळा. यात बिघाड दिसला तर मॅगझिनचा दोष नाही. चेंबर, एक्सट्रॅक्टर, पिन किंवा काडतूस यांतलं काहीतरी आहे. मग दोन-दोन भरून दहा वेळा. इथे पहिल्यांदाच अडकू लागली तर भरणीच्या बाजूला पाहा. मग दस्त्यातली नळी पूर्ण भरून. शेवटची दोन-तीनच अडकत असतील तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे, कारण नळी रिकामी होत येते तसा तिचा दाब कमी होतो. उलट, भरलेल्या नळीतली पहिलीच एक-दोन अडकत असतील तर कुठेतरी घर्षण आहे. हे सगळं दोन वेगळ्या काडतुसांनी करा, एक साध्या वेगाचं, एक जास्त वेगाचं मिळालं तर. जास्त वेगाच्या काडतुसाने सगळं सुरळीत चाललं तर तुमच्या रायफलला फारसा रोगच नाही.

रिकाम्या पुंगळ्या उचलून क्रमाने ठेवा आणि प्रत्येक बिघाड वहीत लिहा: कितवी गोळी, कोणतं काडतूस, पुंगळी कुठे होती. कडेवरचा पिनचा ठसा खोल आहे की पुसट? पुसट असेल तर पिन, स्प्रिंग किंवा गोठलेलं तेल. पुंगळीचं तोंड चेपलेलं असेल तर ती बाहेर पडताना बोल्टने चावली. कडेवर नखीचा ओरखडा असून पुंगळी चेंबरमध्येच राहिली असेल तर नखी सुटते आहे किंवा चेंबर खरखरीत आहे. पुंगळी मागच्या बाजूला फुगलेली किंवा फाटलेली दिसली तर तिथेच थांबा आणि रायफल गनस्मिथकडे द्या. बोल्ट पुरता बंद नसताना गोळी सुटते आहे आणि डोळ्यांजवळ धातूचे कण उडू शकतात. चष्मा लावल्याशिवाय चाचणीला बसू नका, हे सांगायला नकोच.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर तोंड त्याच दिशेला ठेवून तीस सेकंद थांबा. दारू कधी उशिरा पेट घेते. मग बोल्ट उघडा. तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा लावल्यावर वाजलं, तर कडेत स्फोटक सगळीकडे सारखं पसरलेलं नव्हतं, म्हणजे दोष काडतुसाचा. फिरवूनही वाजलं नाही आणि ठसा पुसट आहे, तर दोष रायफलचा.

एका बिघाडाला मात्र अजिबात मुभा नाही. एकदा चाप ओढून दोन गोळ्या सुटल्या, तर रायफल त्याच क्षणी बाजूला. चापाच्या संचातली अडकण झिजलेली असते किंवा कुणीतरी 'हलका चाप' करून दिलेला असतो. ते जीवघेणं आहेच, शिवाय कायद्याच्या नजरेत ते हत्यार वेगळ्याच वर्गात ढकललं जाऊ शकतं.

गनस्मिथचा विषय निघाला म्हणून टर्नरचं. तो तुमचा कितीही जवळचा असो, त्याच्याकडे काम नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायला आणि शस्त्र बनवायला परवाना लागतो आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. लेथवर केलेली फायरिंग पिन त्याला आणि तुम्हाला दोघांनाही अडचणीत आणेल. त्याच कारणाने परदेशी संकेतस्थळावरून एक्सट्रॅक्टर किंवा स्प्रिंग मागवू नका. कस्टम्समध्ये ते पार्सल सुटा भाग म्हणून नव्हे, शस्त्र म्हणून उघडलं जाईल. दुरुस्तीचा परवाना असलेला गन हाऊस शोधा, रायफल देताना परवान्याची मूळ प्रत दाखवा, शस्त्र क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि तुमची वही त्याच्यासमोर ठेवा. 'जाम होते' म्हणून दिलीत तर तो तेल घालून परत देईल. 'शेवटची तीन काडतुसं अडकतात, नाक वर' असं सांगितलंत तर काम होईल.

आता तुमच्या पत्रातला मूळ गृहीत मुद्दा: ही रायफल भरवशाची झाली की रानडुकराचा प्रश्न सुटेल. नाही सुटणार. उत्तम चालणारी पॉइंट २२ ही मोठ्या रानडुकरासाठी चुकीचं हत्यार आहे. गोळीची ताकद १९० ज्यूलच्या आसपास. ती जखमी करेल, आडवं पाडणार नाही. जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळी पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचं काय होतं, हे तुमच्याकडच्या कुणालाही विचारा. शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचलंत तर तिथेही पॉइंट २२ चा उल्लेख रायफल क्लबच्या सदस्याने निशाणबाजीसाठी वापरण्याच्या संदर्भात येतो. पीक राखणीच्या संदर्भात ठासणीच्या बंदुकीचा येतो. तुमच्या परवान्यावर वापराचं कारण काय लिहिलंय ते आधी पाहा.

शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वनविभागाची परवानगी असते. ती लेखी, आधी घ्यायची असते आणि तिच्यातल्या अटी पाळायच्या असतात. डुक्कर पाडून मग अर्ज, असं चालत नाही. त्यातून तुमचा तालुका कोयना अभयारण्याला लागून. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांसाठी याच कायद्याचं कलम ३४ आहे, नोंदणीची अट आहे. गाव त्या पट्ट्यात येत असेल तर आजोबांची किंवा वडिलांची नोंद झाली होती का, तुमच्या नावाने हवी का, हे वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. शिराळ्याकडे चांदोलीच्या कडेला राहणाऱ्या वाचकांनाही हेच लागू. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं तर सरळ गुन्हा.

डुकरांसाठी झटका मशीन लावा. खालची तार जमिनीपासून वीतभर, म्हणजे २०-२५ सेंटिमीटर, दुसरी गुडघ्याच्या खाली. तारेला टेकणारं गवत दर आठवड्याला काढा, नाहीतर झटका गवतातून जमिनीत जातो. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी. थेट लाईटच्या तारेचा आकडा मात्र कधीच नाही. त्यात माणसं मरतात. नुकसान झालं की लगेच फोटो, पंचनामा आणि वनविभागाकडे भरपाईचा अर्ज.

मग दुरुस्त करू की विकू? डुकरांचं कारण बाजूला काढलंत तर उत्तर सोपं होतं. तुम्हाला किंवा मुलांना निशाणबाजीची आवड असेल तर रायफल ठेवा. साफसफाई, चांगलं काडतूस आणि गनस्मिथची एक भेट एवढ्यात ती बहुधा ठीक होईल. या जातीचं लोखंड चांगलं असतं. नुसती आठवण म्हणून ठेवायची असेल तर हिशेब करा. परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यायचा, निवडणूक आली की आदेश निघाला तर पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यातली एक जागा ही घेणार. विकायचं ठरलं तर परवानाधारक विक्रेत्याला किंवा पात्र परवानाधारकालाच, जिल्हाधिकारी कार्यालयाची प्रक्रिया पाळून. पाहुण्याला 'ठेव तुझ्याकडे' म्हणून देऊन टाकणं हा विकण्याचा प्रकार नाही. आणि आठवणीच्या ओझ्यापोटी निर्णय लांबवू नका. आजोबांचं फौजेतलं बिल्ल्यांचं पेटारं कुठल्याही परवान्याशिवाय राहतं.

तुमच्यासारखीच वडिलोपार्जित, पण मोठ्या बोरची सेमी-ऑटोमॅटिक असलेले वाचकही असतील, त्यांच्यासाठी थोडं. तिथे बोल्ट कुलूपबंद होतो आणि नळीतल्या गॅसच्या जोरावर उघडतो, त्यामुळे दोष वेगळे. रेमिंग्टन ७४२ (१९६० ते १९८०) मध्ये बोल्ट ज्या आतल्या पट्ट्यांवरून सरकतो त्या पट्ट्या खडबडीत होतात. बोल्ट काढून टॉर्चने पाहिलं तर आडवे ओरखडे, करवतीच्या दात्यांसारखे, दिसतात. तिथे फार झीज असेल तर ती भरून निघत नाही. रायफल निवृत्त करावी. तिला चेंबरची स्वच्छताही फार लागते, कारण पुंगळी चिकटली की नखी कड फाडून मोकळी होते. विंचेस्टर मॉडेल १०० (१९६१ ते १९७३) ची फायरिंग पिन मोडून बोल्ट बंद होतानाच गोळी सुटण्याचा धोका होता, म्हणून १९९० मध्ये कंपनीने पिन बदलण्यासाठी त्या परत मागवल्या होत्या. पिन बदलल्याची खात्री नसेल तर ती रायफल भरूच नका. पॉइंट ३०८ बोर असेल तर तो लष्करी ७.६२ च्या काडतुसाशी जुळतो म्हणून प्रतिबंधित बोरात जातो. कागदांवर कोणता बोर, कोणता वर्ग लिहिलाय हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. मालक वारले असतील आणि वारसाचा परवाना अजून निघाला नसेल तर शस्त्र घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, आणि मग वारसाचा अर्ज.

राहिली आजोबांच्या ट्रंकेतली जुनी काडतुसं. ती तुमच्या पत्रात नाहीत, पण अशा घरात बहुधा असतातच. पितळ हिरवं पडलेलं, गोळी पुंगळीत सैल, कड गंजलेली अशी काडतुसं चाचणीला वापरू नका. बांधात पुरू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच नाही. मोजून, तुमच्या परवान्यावरच्या नोंदीशी ताडून, विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी पावती घेऊन जमा करा. नोंदीपेक्षा जास्त निघाली तर नेण्याआधी ठाण्यात जाऊन सांगा, पिशवीत घालून एसटीने पाटणला निघू नका.